पांढऱ्या पायांची

कुत्रं पाळायचं नाही, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. तलासरीला हायवेपासून थोडं आत आमचं दोन खोल्यांचं घर. त्यातल्या एका खोलीत माझं शिलाईचं मशीन आणि शिवायला आलेल्या कपड्यांचे ढीग. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नवरा पिकअप चालवायचा, घोलवडच्या वाड्यांमधून चिकूचे क्रेट उचलून पोचवायचा. सकाळी गेला की कधी परत येईल याचा भरवसा नाही. यात आणखी एक तोंड कशाला?

दोन हजार अठराच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेहमीप्रमाणे चिखल्याला माझ्या नणंदेकडे गेलो. तिच्या वाडीतली कुत्री नुकतीच व्याली होती. मुलांनी पहिल्या दिवसापासून टुमणं लावलं आणि मी पहिल्या दिवसापासून नाही म्हणत राहिले. रडून झालं, जेवण सोडून झालं, मी हलले नाही.

निघायच्या दिवशी मुलगी पिकअपपाशी उभी राहिली ती एक पिल्लू छातीशी धरूनच. काळं कुळकुळीत, पोट ढमालं, आणि चारही पाय चुन्यात बुडवून काढल्यासारखे पांढरे. नणंद ओट्यावरून खाली आली. ती माझ्या नवऱ्यापेक्षा बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच भावांना वाढवलं, त्यामुळे तिचा शब्द आमच्याकडे कुणी खाली पडू देत नसे.

"न्यायचंच असेल तर तो तांबडा न्या," ती म्हणाली. "नर आहे, राखण करील. ही नको."

"का नको, आत्या?" मुलीने विचारलं.

"पांढऱ्या पायाची आहे गं. असली घरात आणू नये."

मी गाडीत पिशव्या ठेवत होते. हातातली पिशवी हातातच राहिली. माझं लग्न झालं त्या वर्षीच माझे सासरे गेले. शेतावर गेले ते खाटेवरून परत आले. तेराव्याच्या दिवशी मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते आणि आत नणंद कुणाला तरी सांगत होती, "पांढऱ्या पायाची आली आमच्या घरात." मला ऐकू गेलं, आणि मला ऐकू गेलंय हे तिलाही कळलं, कारण ती बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. पुढे इतकी वर्षं आम्ही एकमेकींशी चांगल्या वागलो, सणाला साड्या दिल्या-घेतल्या, पण त्या शब्दाबद्दल तीही बोलली नाही आणि मीही नाही.

"घे गाडीत," मी मुलीला म्हणाले.

"काय?" नवरा म्हणाला. मुलगीही माझ्याकडे बघत राहिली.

"पिल्लू घे गाडीत. हेच घे."

असं ते आमच्या घरी आलं. मुलं तिला रोज नवं नाव ठेवायची, त्यामुळे ती कुठल्याच नावाला ओ देत नसे. फक्त ताटलीचा आवाज झाला की धावत यायची. मशीनच्या पायट्यावर झोपायची, म्हणून मला शिवताना एक पाय वर घेऊन बसावं लागे. पहिल्या आठवड्यात तिने एक गणवेशाची बाही चावली, मुलाची चप्पल चावली, आणि गादीवर मुतली. मी चिडायचे, पण तिला परत पाठवायचा विचार मनात आला की तो शब्द आठवायचा आणि मी फडकं घेऊन गादी पुसायला बसायचे.

दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी भाकऱ्या करताना मांडणीवरची भांडी थरथरली. मला वाटलं, हायवेवरून मोठा ट्रेलर गेला. दुसऱ्या वेळी वाटलं, कुठे खाणीत सुरुंग लावला. तिसऱ्या वेळी जमिनीच्या पोटातून ढुम्म असा आवाज आला, पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं झालं, आणि शेजारचा किराणावाला दुकान उघडं टाकून रस्त्यावर पळाला. तो गुजराती बोलणारा. "धरती हले छे! हले छे!" असं ओरडत तो पळाला आणि आमच्या मुलाला ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून धक्का बसला की तोही टाळ्या वाजवत "हले छे! हले छे!" ओरडायचा. त्याच्यासाठी तो खेळ होता. बाकी कुणासाठी नव्हता.

मग धक्के येतच राहिले. कधी दिवसात एखादा, कधी एकामागून एक. माणसं अंगणात, शेतात, ताडपत्र्या बांधून राहायला लागली. शाळेचे वर्ग बाहेर मांडवात भरायला लागले. अधिकारी येऊन सांगून गेले की घरात झोपू नका. टीव्हीवर आमच्या तालुक्याचं नाव पहिल्यांदाच एवढ्या वेळा आलं.

नणंदेचा फोन आला. मुलं कशी आहेत, घराला काय झालं, सगळं नीट विचारलं. आणि मग म्हणाली, "मी सांगितलं होतं ना. ती कुत्री आली आणि हे सुरू झालं."

"ताई, डहाणू-तलासरीची सगळी जमीन एका पिल्लाने हलवली?"

"तू हसण्यावारी नेऊ नको."

"हसत नाहीये मी," मी म्हणाले. खरंच हसत नव्हते.

लोक म्हणायचे की कुत्र्यांना भूकंप आधी कळतो. मुलीने ते मनावर घेतलं. ती शाळेतून आली की पिल्लासमोर बसून त्याच्या कानांकडे बघत राहायची, ते काही सांगतंय का म्हणून. आमच्या पिल्लाला सुक्या बोंबलाचा डबा उघडायच्या आधी कळायचा, भूकंप मात्र झाल्यावरही कळायचा नाही. आम्ही सगळे अंगणात आणि ते पाय वर करून मशीनखाली घोरतंय, असं कितीदा झालं.

थंडीत एकदा दुपारी मोठा धक्का बसला. मी बाहेर कपडे वाळत घालत होते, मुलगा माझ्याजवळ. मुलगी आत दप्तर भरत होती. भिंत दोन्ही हातांनी कुणी हलवावी तसं घर हललं. मांडणी आडवी झाली आणि स्लॅबच्या कडेचा प्लास्टरचा एक मोठा पोपडा मुलीच्या शेजारी पडला. तिला खरचटलंही नाही. मी आत शिरले तेव्हा ती उभीच होती, डोक्यावर सिमेंटची पांढरी भुकटी, आणि वर बघत होती. मी तिला ओढत बाहेर आणलं.

त्यानंतर ती स्लॅबखाली गेली नाही. आमच्या घरात नाही, शेजारच्या घरात नाही, बँकेत नाही, दवाखान्यात नाही. शाळा मांडवात होती म्हणून शाळा चालली. अंघोळही ती अंगणात साडीच्या आडोशाला करायची. कुणी म्हणालं भगताकडे न्या, कुणी म्हणालं दोन रट्टे द्या म्हणजे जाईल आत. मी दोन्ही केलं नाही. तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "घाबरली आहे. तिला वेळ द्या." तेवढं मला पटलं.

तेव्हाच मोठ्या दिरांचा विरारहून फोन आला. ते नवऱ्याशी बोलले आणि नवरा फोन ठेवून माझ्याकडे आला.

"दादा म्हणतोय, तू आणि मुलं तिकडे या. तिथल्या शाळेत नाव घालू. हॉल रिकामाच असतो."

"स्लॅबचा हॉल आहे ना? चौथ्या मजल्यावर? ही जाईल आत?"

त्याने पिल्लाकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि कुत्रं चालणार नाही. सोसायटीचा नियम आहे."

"मग आपण नाही जात."

"अगं, हट्ट कुणाशी धरतेस? जमिनीशी?"

"जमिनीशी कशाला? जमीन काय मला ओळखते?" माझा आवाज चढला. "अहो, हे घर आपण उभं केलंय. स्लॅब भरला त्या दिवशी तुम्ही घमेली उचलली आणि मी एवढ्या माणसांचा स्वयंपाक केला. आता लोकांच्या हॉलमध्ये मुलांना घेऊन चोरासारखी बसू? पोरीला आधीच घर सुटलंय. आता शाळा सोडायची, मैत्रिणी सोडायच्या, आणि ते पिल्लूपण सोडायचं? मग तिच्याजवळ राहिलं काय?"

"आणि काही झालं म्हणजे?"

मलाही रोज तीच भीती होती. पण भीती वाटते म्हणून पळायचं आणि भीती वाटते म्हणून नीट बंदोबस्त करून राहायचं, यातलं दुसरं मला जमण्यासारखं होतं. मी झरीला वडिलांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी बांबू घेऊन आले. त्यांनी आणि नवऱ्याने मिळून अंगणाच्या टोकाला, घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब, एक झोपडं बांधलं. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, बाजूने जुन्या साड्या. डोक्यावर पडलंच तर कापड पडेल. मशीनही मी तिथेच नेलं. थंडी बोचरी होती, डास होते, पण मुलगी त्यात निवांत झोपायची, पोटाशी पिल्लू घेऊन. कपडे टाकायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "अजून इथेच तुम्ही?" मी म्हणायचे, "माप घेऊ का?"

मे महिना आला. दर मे महिन्यात आमची मुलं चिखल्याला आत्याकडे जातात. नणंदेची तीन नातवंडंही बोईसरहून येतात, आणि सगळी मिळून समुद्रावर धुडगूस घालतात. त्या वर्षी नणंदेने फोनवर सांगितलं, "मुलांना पाठव. कुत्रीला नको."

"आम्ही सगळेच येतो, ताई. पाचजण."

"पाच कोण?"

"कुत्रीला धरून."

"ती माझ्या घरात येणार नाही."

"आम्ही तरी कुठे घरात येणार आहोत? पोरगी स्लॅबखाली येत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? आम्ही वाडीत राहू."

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात मी येतो म्हणून सांगून फोन ठेवला. सुट्टी झालीच पाहिजे असं मी मनाशी ठरवलं होतं. सहा महिने जमिनीने छळलं, आता सुट्टीही तिलाच द्यायची की काय?

आम्ही झोपड्याची ताडपत्री सोडली, बांबू पिकअपमध्ये घातले, स्टोव्ह, गाद्या, मुलं, कुत्री, सगळं मागे भरलं आणि चिखल्याला गेलो. नणंदेच्या वाडीतली चिकूची शेवटची रांग जिथे संपते आणि सुरूची झाडं सुरू होतात, तिथे नवऱ्याने बांबू रोवले. थंडीत एकदा हेच केलं होतं, त्यामुळे चहा उकळेपर्यंत आमचं घर उभं राहिलं. नणंद ओट्यावर उभी राहून बघत होती. तिचं दोन मजल्यांचं घर, टाइल्स, गच्ची, आणि भावाचं बिऱ्हाड झाडाखाली. तिला ते लोकांत बरं दिसत नसणार. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ते दिवस मात्र खरोखर छान गेले. ओहोटीला समुद्र इतका आत जायचा की मुलं चालून चालून दमायची आणि तरी पाणी घोट्यापर्यंतच. कुत्री आता लांब पायांची झाली होती. तिने एका खेकड्याला नाक लावलं, खेकड्याने नाक धरलं, आणि ती जे केकाटत सुटली ती थेट झोपड्यात. मुलगी हसून हसून वाळूत लोळली. तिला असं हसताना मी थंडीपासून पाहिलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत बोईसरची नातवंडंही उशा घेऊन आमच्याकडे झोपायला आली.

"माझ्या घराला काय कीड लागलीय?" नणंद त्यांना म्हणाली. पण सकाळी चहाचं पातेलं मात्र तीच घेऊन यायची, वाटेत कुत्रीला "हाड, हाड" करत.

एका दुपारी नवरा घोलवडला माल उचलायला गेला होता. मी झाडाखाली मासे साफ करत होते. नणंदेने गच्चीवर बोंबील वाळत घातले होते, आणि वारा तिकडूनच येत होता. कुत्रीने नाक वर केलं आणि मी हाक मारेपर्यंत ती मागच्या दाराने नणंदेच्या घरात शिरली. आतून नणंदेचा आरडाओरडा ऐकू आला. "अरे, कुत्री! कुत्री शिरली!" ती काठी घेऊन जिन्याकडे धावली. वाडीत मुलं लपंडाव खेळत होती. माझ्या मुलीने नणंदेच्या हातातली काठी पाहिली आणि ती धावली. अंगण ओलांडलं, पडवी ओलांडली, मागचं दार, आणि आत.

मी कोयता टाकून उठले. दारापर्यंत पोचले तर वरून तिचा आवाज आला, "आत्या, तिला मारू नको! मारू नको तिला!"

मग एकदम शांत झालं. मी मागे सरून वर बघितलं. गच्चीच्या कठड्यावरून तिचा चेहरा दिसला. आपण कुठे उभे आहोत हे तिला त्या क्षणी कळलं असावं. तिचे ओठ पांढरे पडले.

"आई," ती म्हणाली, "मी खाली कशी येऊ?"

जिना घरातूनच होता. दुसरी वाट नव्हती. मी जिन्याने वर निघाले, पण वळणावर पोचले तेव्हा वरून नणंदेचं बोलणं ऐकू आलं आणि मी थांबले.

"बस इथे माझ्याजवळ," ती म्हणत होती. काठी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. "भीती वाटते?"

"हो."

"मला पण वाटते."

"तुला? तू तर मोठी आहेस."

"मोठ्यांना नाही वाटत? इथेपण हलत होतं ना थंडीत. मी सगळी थंडी ओट्यावर खुर्ची टाकून काढली. तुझे आतोबा आत घोरत पडायचे आणि मी बाहेर बसायचे. तुझ्या आईला सांगू नको हं."

मी जिन्यावर तशीच उभी राहिले, हाताला माशांचा वास.

"चल, उतरू," नणंद म्हणाली. "माझा हात धर."

"हललं तर?"

"हललं तर पळू. तुझी आत्या तुझ्यापुढे पळेल, बघ तू."

दोघी बसत बसत उतरायला लागल्या. कुत्री तोंडात बोंबील धरून त्यांच्यापुढे खाली आली, मला बघून पुन्हा वर गेली, पुन्हा खाली. मुलगी मध्ये थांबायची, छताकडे बघायची, विचारायची, "आत्ता हललं?" नणंद म्हणायची, "नाही." दोघींची तोंडं घामाने डबडबली होती. मी वळणावरच राहिले. जवळ जाऊन तिला उचलावं असं वाटत होतं, पण ती उतरत होती, आणि तिचं तिलाच उतरू द्यायचं होतं. माझ्याजवळ आल्यावर ती उठून उभी राहिली आणि उरलेल्या पायऱ्या चालत उतरली. स्वयंपाकघरातून जाताना ती थांबली, माठातलं पाणी प्यायली, आणि मगच बाहेर गेली.

मी आणि नणंद स्वयंपाकघरात राहिलो. ती पदराने तोंड पुसत होती.

"बोंबलांची वाट लावली तुमच्या कुत्रीने," ती म्हणाली.

"ताई," मी म्हणाले, "तुम्ही मलाही तेच म्हणाला होतात. पांढऱ्या पायाची. तेराव्याच्या दिवशी."

तिने पदर कमरेला खोचला. मला वाटलं, ती नाही म्हणेल, आठवत नाही म्हणेल.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "बाप गेला होता माझा."

"माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं."

"हो." तिने पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतलं. "चहा टाकते. घेशील ना?"

मी घेतला. मी तिला माफ केलं असं म्हणणार नाही. ती माफी मागायला आलीही नव्हती. पण इतकी वर्षं जो शब्द माझ्या एकटीजवळ होता, तो आता तिच्यासमोर ठेवून झाला होता, आणि ठेवताना माझा आवाज कापला नाही. त्या दिवसापासून कुत्रीला घरात यायला कुणी मनाई केली नाही, आणि कुणी ये म्हणालंही नाही. ती येऊ लागली, एवढंच.

जूनच्या आधी आम्ही तलासरीला परतलो. धक्के कमी झाले होते, पण थांबले नव्हते. पावसात झोपडं टिकणार नाही हे उघड होतं. आमचं घर बांधलेल्या गवंड्याला बोलावून नवऱ्याने प्रत्येक खांब तपासून घेतला. भेगा प्लास्टरच्या होत्या, आतलं काम मजबूत होतं. सैल झालेलं सगळं पाडून पुन्हा प्लास्टर केलं. दिरांचा पुन्हा फोन आला, तेव्हा या खेपेला नवराच म्हणाला, "नाही दादा. आम्ही इथे बरे आहोत. तुम्हीच या चिकू खायला."

मुलीने आत यायच्या तिच्या अटी सांगितल्या. खाट दाराजवळ हवी, दाराला कडी लावायची नाही, आणि मांडणी भिंतीला तारेने बांधायची. आम्ही तिन्ही मान्य केल्या. पहिले काही दिवस ती झोपेपर्यंत मी उंबऱ्यात बसायचे.

आणि मग आम्ही घराला रंग दिला. मुलीने दुकानात बोट दाखवून निवडला, पोपटी, इतका भडक की हायवेवरून दिसावा. शेजारचा किराणावाला बघायला आला.

"भेगांच्या घराला कोण रंग देतं, बेन?" तो म्हणाला.

"आम्ही देतो," मी म्हणाले आणि ब्रश डब्यात बुडवला.

नवरा वरच्या भागाला, मी मधल्या भागाला, मुलं खाली. संध्याकाळपर्यंत पुढची भिंत झाली. मुलाच्या केसांतही पोपटी आणि कुत्रीच्या शेपटीलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन एकदा हलली. आम्ही बाहेर आलो, भिंतीकडे नीट बघितलं. नवी भेग कुठे दिसली नाही. दिसली असती तरी डब्यात रंग उरला होता.